ओटीतली काठी

रोगी झाड ओळखायला फार अक्कल लागत नाही. पानं आकसतात, हिरव्यावर पिवळे डाग पडतात, शेंडा आवळल्यासारखा होतो, आणि शाळेतलं पोरही सांगतं की याचं काही खरं नाही. ऋजुता गवसला त्या जानेवारीत जे कोडं पडलं ते मात्र निरोगी झाडांचं होतं.

ऋजुता दोडामार्गच्या डोंगरउतारावरच्या एका कंद संशोधन केंद्रात पैदासकार होती, म्हणजे पिकाच्या नव्या जाती तयार करणं हे तिचं काम. गावातले लोक तिला कंदाची डॉक्टरीण म्हणत आणि जाता-येता गुडघेदुखीवरही औषध विचारत. कंद म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो. सरकारी कागदांत त्याला कसावा म्हणत, केरळातून येऊन इथे रबर लावलेल्या लोकांच्या घरी तो कप्पा, आणि बाकी सगळ्यांना नुसता कंद. ऋजुताच्या लहानपणी त्या रबराच्या मळ्यांबाहेर तो इथे कोणी मुद्दाम लावत नसे. मग पाऊस बिघडला. चिखलणी झाली की उघडीप आणि लावणी झाली की पूर, असा त्याने तालुक्याचा छळ मांडला. भात एक वर्षाआड हाती लागलं तरी लोक देवाला नारळ द्यायला लागले. कंदाला या सगळ्याचं काही सोयरसुतक नव्हतं. वरकस जमिनीत, मुरमात, कुठेही तो मुकाट वाढायचा. त्यात तो उपासालाही चालतो हे लोकांच्या ध्यानात आलं, आणि कृषी खात्याला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते एकादशीने दोन-तीन हंगामांत करून दाखवलं. आता रेशनवर कंदाचं पीठ मिळत होतं, घावणे त्याचेच होत होते, आणि बांगड्याच्या तिखल्याबरोबर उकडलेला कंद नसेल तर लोकांना जेवल्यासारखं वाटत नव्हतं.

आणि मग कंदावर मोझॅक आला. हा विषाणूचा रोग पांढरी माशी पसरवते. माशी कसली, तांदळाच्या कणीएवढा जीव. पण रोगी पानातला रस पिऊन शेजारच्या पानावर बसली की काम झालं. कंद लावतात तो बी टाकून नाही, खोडाचा तुकडा, म्हणजे काठी रोवून. त्यामुळे एकदा झाड रोगी झालं की त्याची काठी रोगी, काठीचं झाड रोगी, आणि असं ते पिढ्यानपिढ्या चालू राहतं. दोन वर्षांत तालुक्यातले निम्मे उतार पिवळे पडले होते.

तेव्हा ऋजुताची सातेरी आली. कंदाच्या एका रानटी भाऊबंदाशी संकर करून, स्वतःची ऐन उमेदीची वर्षं खर्ची घालून तिने ती जात तयार केली होती. ग्रामदेवतेचं नाव आईने सुचवलं होतं. चारी बाजूंनी रोगी झाडं लावून मध्ये सातेरी ठेवली, तरी तिचं पान हिरवंगार राहिलं. ऋजुताचे फोटो छापून आले, आईने ते चौकटीत घालून ओटीवर लावले, आणि तालुका पुन्हा पोटभर जेवू लागला.

त्या जानेवारीत बिजूने तिला मळ्यात बोलावून घेतलं. बिजूचे वडील कोट्टयमहून आले होते, पण बिजूचा जन्म इथलाच, आणि त्याची मालवणी ऐकून सावंतवाडीचा माणूसही फसला असता. रबराच्या कडेला त्याच्या वडिलांनी आणलेल्या जुन्या कप्प्याची ओळ होती. चवीला लोण्यासारखा कंद तो, बिजूच्या आईच्या, अन्नम्माच्या हातचा तर सगळ्या वाडीने खाल्लेला.

"बघा मॅडम," बिजू म्हणाला, "माझ्या जल्माच्या आधीपासून हो कप्पो हय आसा. रोगाच्या साथीतय ह्याणी मान टाकूक नाय. आता मरता. आणि मरता खंय, तर तुमच्या सातेरीच्या शेजाराक."

"योगायोग असतलो, बिजूदादा. सातेरीक रोगच लागणा नाय, मगे ती दुसऱ्याक खंयसून देतली?"

"तुमच्याकडे तो नवो चिमटो इलो आसा मां? एकदा लावन बघा. माझ्या समाधानाक."

चिमटा महिन्याभरापूर्वीच केंद्रात आला होता. कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढंच यंत्र. पानाला लावलं की एक केसासारखी सुई थेंबभर रस घेते, त्यातल्या विषाणूची जनुकं वाचते, आणि चहा पिऊन होईतो फोनवर आकडा येतो. ऋजुताने आधी रोगी कप्प्याला लावला आणि मग, निव्वळ बिजूचं मन राखायला, सातेरीच्या एका तुकतुकीत पानाला.

सातेरीचा आकडा रोगी झाडापेक्षा मोठा आला. तिने दुसऱ्या पानाला लावला, दुसऱ्या झाडाला लावला, चिमटा पुसून पुन्हा लावला. बिजूच्या बायकोने आणून ठेवलेला चहा गार झाला.

झालं होतं ते असं. झाडाला रोगापासून वाचण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे विषाणूला आत थाराच न देणं. दुसरा म्हणजे त्याला आत येऊ देणं, वाढू देणं, पण स्वतःला त्रास करून न घेणं. घरात एखाद्याला सर्दी होते, पण तो शिंकत नाही, त्याचं नाक गळत नाही. सगळ्यांच्या पंगतीत मजेत जेवतो आणि बाकीचं घर मात्र एकेक करून अंथरूण धरतं. सातेरी तशी निघाली होती. ऋजुताने इतकी वर्षं पानांकडे डोळ्यांनी बघून जाती निवडल्या होत्या, सगळं जगच तशा निवडायचं, आणि डोळ्यांना हे दोन्ही मार्ग सारखेच हिरवे दिसतात.

"काय गावला?" बिजूने विचारलं.

"तुमचा बरोबर आसा," ऋजुता म्हणाली. तिला बसावंसं वाटलं म्हणून ती बांधावर बसली.

पुढचे दिवस तिने चिमटा घेऊन तालुका आणि आजूबाजूचा मुलूख पालथा घातला. घाबरायला हवं होतं तेवढी ती घाबरलीही, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त तिला उत्सुकता लागून राहिली होती. कारण नकाशावर जे दिसत होतं ते जमत नव्हतं. पांढरी माशी वाऱ्याबरोबर थोडीफार जाते, तेव्हा रोग डागासारखा पसरायला हवा. हा उड्या मारत होता. इथे एक घर, मग मैलोन्मैल काही नाही, मग एकदम पेडण्यात एक, बांद्यात एक, घाट चढून चंदगडात एक. वाऱ्याला घाट चढून नेमक्या परसात उतरायची काय गरज पडली होती कोण जाणे. त्यातून काही झाडांत तिला दोन वेगवेगळे विषाणू एकत्र सापडले, आणि तेव्हा मात्र तिची उत्सुकता ओसरली. एकाच झाडात दोन विषाणू मुक्कामाला राहिले की ते आपसांत जनुकांची देवघेव करतात आणि त्यातून तिसराच, दोघांपेक्षा वाईट, जन्माला येऊ शकतो. युगांडात गेल्या शतकाच्या अखेरीस असं झालं होतं आणि मुलखाचं मुख्य अन्न शेतात उभं असताना गेलं होतं. इथे तसा तिसरा जन्मला तर तो सातेरीलाही सोडणार नव्हता. मग या उतारांवर भात नाही, कप्पा नाही आणि सातेरीही नाही, असं एक वर्ष उजाडणार होतं.

उड्यांचं कोडं सुटलं ते आईच्या घरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवात.

आईला, म्हणजे रोहिणीकाकींना, आंबेखोल गावात मोठा मान होता. गावातली कुठलीही मुलगी लग्न होऊन निघाली की तिच्या ओटीत खण, नारळ, तांदूळ पडायचे, आणि त्याबरोबर रोहिणीकाकींच्या हातची एक जुडी, सातेरीच्या काठ्यांची. लग्नं वैशाखात होतात, कंद त्याच्या आधी काढलेला असतो, काठ्या सावलीत उभ्या करून ठेवलेल्या असतात. सगळं जुळून आलं होतं. "जमीन कशीय असूंदे, सासरी उपाशी रवाची नाय," असं काकी म्हणायच्या. चार-पाच वर्षांत त्याची रीतच पडून गेली. जुडीशिवाय मुलगी पाठवणं लोकांना कसंतरी वाटायला लागलं.

त्या संध्याकाळी ऋजुता तिळगूळ वाटत होती आणि बायका आपापल्या मुलींच्या खबरा सांगत होत्या. एकीची मुलगी बांद्याला दिली होती, ती बाळंत झाली होती. दुसरीची पेडण्याला, तिने नवं घर बांधलं होतं. शमा कोनाळला, सुकन्या चंदगडला. ऋजुता वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. बायका गावांची नावं घेत होत्या आणि तिच्या डोक्यातल्या नकाशावरचे ठिपके एकेक करून पेटत होते. रोग वाऱ्यावर नव्हता गेला. तो ओटीतून गेला होता.

"गो, तिळगूळ वाटतंस की खातंस?" आईने विचारलं, आणि बायका हसल्या.

एक गोष्ट तरीही बसत नव्हती. दर हंगामात केंद्र सातेरी लावलेल्या घरांना फोनवर प्रश्न पाठवायचं. त्यात एक प्रश्न होता, शेजारच्या जुन्या झाडांवर रोग दिसतो का. सगळीकडून उत्तर आलं होतं, नाही. मेलेली झाडं तर ऋजुता स्वतःच्या डोळ्यांनी बघून आली होती. तेव्हा ती सरळ घाट चढून चंदगडला आपल्या धाकट्या बहिणीकडे, मानवाकडे गेली.

मानवाने चहा केला, सासू आत गेल्याची खात्री केली आणि बहिणीला परसात नेलं. सातेरी माणसाच्या डोक्यावर गेली होती. तिच्या पलीकडे मानवाच्या सासऱ्यांनी हौसेने जपलेल्या जुन्या कंदाची जागा होती. तिथे आता गवत होतं.

"गेल्या वर्सा गेलो," मानवा म्हणाली. "कडेसून सुरू झालो. सातेरीच्या कडेसून."

"मगे फोनावर 'नाय' म्हणान कित्याक कळवलंस?"

"ताये, सासू काय म्हणता म्हायत आसा? म्हणता, बघ तुझ्या माहेराचा झाड कसा हिरवागार, आमच्याच जमनीत खोट. मामंजींनी त्या दुखण्यान जेवण कमी केल्यानी. आणि मी सांगू, की माझ्या आवशीन ओटीत घातलेल्या काठीन तुमचो कंद मारलो म्हणान?"

"माका तरी सांगूचा होता."

"तुका सांगितलंय असता तर तू आयेक सांगितलं असतंस." मानवाने एक वाळकं पान तोडलं. "मी एकटी नाय. सुकन्येचाय तसाच झाला. आमी भेटतंव, पण ह्यावर बोलणंव नाय. माहेराक नावां कोण ठेवतला?"

परतीच्या एसटीत ऋजुताला आधी राग आला आणि मग हसू आलं. देशातलं सगळ्यांत काटेकोर सर्वेक्षण म्हणून ती ज्याचे गोडवे सभांतून गात होती, त्यातला प्रत्येक आकडा सासुरवाशिणींनी माहेरची अब्रू राखायला भरला होता.

केंद्राच्या संचालकांना, डॉ. नाडकर्णींना, तिने सगळं सांगितलं. ते सज्जन होते आणि सज्जन माणसं घाबरली की आदेश काढतात. "लावणीच्या आधी सगळी सातेरी उपटून जाळायची. ड्रोन लावू, पंचायतींना पत्रं देऊ."

"सर, ड्रोनला परसातलं झाड दिसेल, माळ्यावर गोणपाटात ठेवलेली काठी दिसणार नाही. ओटीत आलेली वस्तू आहे ती. बायका ती कुणाला देणार नाहीत."

"मग कुणाला देतील?"

ऋजुताला उत्तर माहीत होतं आणि तेच तिला नको होतं. "मला लावणीपर्यंत वेळ द्या," एवढंच ती म्हणाली.

आई पडवीत कंदाच्या चकत्या वाळत घालत होती. ऋजुता शेजारी बसली आणि मदत करता करता सगळं सांगून मोकळी झाली. चिमटा, ठिपके, मानवाचे सासरे, सगळं. आई बराच वेळ चकत्या सारख्या करत राहिली.

"म्हणजे रोग माझ्या हातान गेलो."

"माझ्या झाडातसून गेलो, आये. तुझो काय दोष?"

"झाड तुझा. हात माझोच मां?"

ऋजुताने हातातली चकती खाली ठेवली. मग तिने विचारायचं ते विचारलं. काठ्या परत मागवायला हव्यात, आणि आईने मागितल्या तरच येतील.

आईने तिच्याकडे पाहिलं, ते लहानपणी उलट उत्तर दिल्यावर पाहायची तसं. "ओटीत घातलेला परत मागतत? खंय बघलंस? भिकाऱ्याच्याय घरची आवस असा करूची नाय. त्यापेक्षा तुझा ता सरकार बोलव." आणि ती आत निघून गेली.

त्यानंतर आई बोलेनाशी झाली. जेवायला वाढायची, अंघोळीला पाणी तापवायची, पण बोलायची ती भांड्यांशी. ओटीवरची ऋजुताच्या फोटोची चौकट तिने उतरवली नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. ऋजुताला वाईट वाटत होतंच, पण भीतीही वाटत होती. आई नाही म्हणाली तर तिच्याकडे दुसरा मार्ग नव्हता, आणि लावणीचा हंगाम काही कुणाचा रुसवा जाईपर्यंत थांबणार नव्हता.

एके दिवशी ती बिजूच्या मळ्यात चिमटा लावत होती, तेव्हा आई पायवाटेने चढून येताना दिसली. ऋजुताला ओलांडून ती सरळ कप्प्याच्या ओळीपाशी गेली. ओळ कसली, चार-दोन वाकडी खोडं उरली होती. आईने त्यातल्या एका झाडाचं आवळलेलं पान उलगडून बघायचा प्रयत्न केला. ते तुटून हातात आलं.

"पयल्या वाईट वर्सा अन्नम्मान माका हयसूनच काठी दिलेल्यान," ती म्हणाली. कुणाला उद्देशून ते कळत नव्हतं. "मी मागूकय नव्हतंय. म्हणाली, चेडवांका घाल खावक." अन्नम्मा जाऊन तीनेक वर्षं झाली होती. "काठी द्यायची असता, ह्या मी तिच्याकडसून शिकलंय."

बिजू टोपी काढून उभा होता.

"तुका कधी कळला?" आईने त्याला विचारलं.

"दोन वर्सां झाली, काकी."

"माका कित्याक सांगूक नाय?"

"तुमची काठी ती. तुमका कसा सांगतलंय?"

"म्हणजे तूय," आई म्हणाली. मग बांधावर, ऋजुता त्या दिवशी बसली होती तशीच, मटकन बसली. "सगळ्यांनी माझो मान राखल्यानी आणि अन्नम्माचो कप्पो मेलो. असलो मान घेऊन काय करू मी?" तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

मग तिने पदराने तोंड पुसलं आणि ऋजुताशी पहिलं वाक्य बोलली. "ओटी परत मागूक येणा नाय. पण चेडवांका माहेरपणाक बोलवूक येता. येताना जुडी घेऊन येवा म्हणान सांगतंय. मगे रित्या हातान धाडू काय तेंका?"

"रिते हात नाय," ऋजुता म्हणाली, आणि गेले कित्येक दिवस मनात घोळत असलेली गोष्ट तिने आईला आणि बिजूला सांगितली.

कंदाला फूल लाजतलाजत येतं, पण येतं. आणि त्याला बी धरतं. काठीतून रोग जातो, बियातून सहसा जात नाही. मात्र काठीतून तेच झाड पुन्हा उभं राहतं, आणि बियातून येतं ते प्रत्येक नवं, सख्ख्या भावंडांत असतो तेवढा फरक घेऊन. काही वर्षांपूर्वी चवीसाठी म्हणून ऋजुताने अन्नम्माच्या कप्प्याचा त्या रानटी भाऊबंदाशी संकर केला होता. त्या बियांची रोपं केंद्रात पिशव्यांत वाढत होती. त्यांची जनुकं वाचून तिने ज्यांच्यात विषाणूला थारा मिळणार नाही असं वाटत होतं तेवढी वेगळी काढली होती. वाटत होतं, इतकंच. रानात, माशीच्या तोंडी दिल्याशिवाय खरं कळणार नव्हतं. रीतसर चाचण्यांना चार-पाच वर्षं लागली असती. तीच रोपं तालुकाभर, घाटावर, गोव्यात, वेगवेगळ्या परसांत एकाच वर्षी लागली तर जगलेल्यांना चिमटा लावून एका पावसाळ्यात कळलं असतं.

"म्हणजे काय ता तुकाच म्हायत नाय," आई म्हणाली.

"नाय. काय मरतली. काय कडू निघतली. कडवाक वीख असता, कच्चो चाखूचो नाय, उकडून पाणी ओतून टाकूचा. माका फक्त खरा काय ता कळाक होया. मेला तर मेला म्हणान."

आई उठली आणि लुगड्याची माती झटकली. "ताच तर कठीण आसा," ती म्हणाली.

वैशाखात मुली आल्या. दुपारच्या उन्हात कुणी एसटीने, कुणी नवऱ्याच्या गाडीवर मागे जुडी आडवी धरून. अंगणाच्या कडेला काठ्यांची रास झाली. कुणी विचारलं, काकी, ह्या कशाक हाडूक सांगितलास, तर आई म्हणाली, सांगतंय. मानवा आली ती सासूला बरोबर घेऊन आली, आणि ऋजुताचा जीव उडाला.

जेवणं झाल्यावर आईने सगळ्यांना अंगणात बसवलं. एका बाजूला ऋजुताने रोपांच्या पिशव्या मांडल्या होत्या. आईने विचारलं, "सातेरी लावल्यार तुमच्याकडे शेजारचा काय मेला काय? खरा सांगा."

बायका पदराशी चाळा करत राहिल्या. शमा म्हणाली, "काकी, तुमच्या काठीन आमचा भला झाला," आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

ऋजुताला पुढचं सगळं दिसायला लागलं. आज या बोलल्या नाहीत तर पावसाळ्यातही बोलणार नाहीत. रोपं मरतील, फोनवर 'नाही' म्हणून उत्तरं येतील, आणि ती पुन्हा डोळ्यांदेखत एक हिरवी फसवणूक घराघरांत पाठवेल. हे यंत्राने सुटणारं नव्हतं. तिने आईकडे पाहिलं.

आई राशीकडे गेली. स्वतःच्या परसातल्या काठ्या तिने सकाळीच सावलीतून आणून तिथे ठेवल्या होत्या. त्या तिने अंगणाच्या टोकाला पेटवलेल्या पाचोळ्यावर ठेवल्या आणि धूर वर यायला लागल्यावर मागे वळली.

"बिजूच्या आवशीन माका जगवल्यान," ती म्हणाली. "माझ्या काठीन तिचो कप्पो मारलो. दोन वर्सां त्या पोरान माका सांगूक नाय, मी दुखावतलंय म्हणान. मी दुखावलंय. मरूक नाय."

मग मानवा उठली. सासूकडे न बघता ती म्हणाली, "आये, सातेरीन आमच्या मामंजींचो सगळो कंद मारल्यान. मी दोन वर्सां खोटा सांगलंय."

सासूबाई घाटावरच्या. त्यांनी सुनेकडे बघितलं, आगीकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मला ठावं होतं. इहिणीला कसं बोलायचं म्हणून गप होतो."

आणि मग जणू कुणी बांध फोडला. सुकन्याचा कंद गेला होता. पेडण्याच्या मुलीच्या जावेचा गेला होता, त्यावरून दोघींचं बोलणं बंद होतं. शमाने मघाच्या भल्याबद्दल आधी डोळे पुसले आणि मग सासरच्या वाडीतली एकेक परसं मोजून दाखवली. ऋजुता टिपून घेत होती. तिच्या नकाशाच्या कितीतरी पलीकडे रोग गेला होता. आणि तरीही, मनातल्या मनात का होईना, तिला आनंद होत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला खरं सांगत होतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा आईने ओट्या भरल्या. प्रत्येकीला एक पिशवी. ऋजुताने सांगितलेलं सगळं ती आपल्या भाषेत सांगत होती. कच्चा चाखू नका. दुसऱ्याच्या परसात काठी देऊ नका, यंदा नको. आणि प्रत्येकीच्या कपाळाला कुंकू लावताना तेच एक वाक्य: "ह्या जगतला की मरतला माका म्हायत नाय. जगला तर ऋजूक कळव. मेला तर माका सांग."

राशीतल्या सगळ्या जुड्या त्याच संध्याकाळी जळाल्या, त्यांचं बघून बाकीच्यांनीही आपल्या काठ्या जाळल्या, आणि त्या वर्षी तालुक्यात सातेरी लागली नाही. लोकांनी रेशनचं पीठ पुरवून पुरवून खाल्लं, कुळथावर भागवलं, आणि ऋजुताच्या नावाने बोटं मोडली ती निराळीच. डॉ. नाडकर्णी रोज विचारायचे, काही कळलं का. आषाढ गेला. कुठूनच काही आलं नाही, आणि ऋजुताला वाटायला लागलं की अंगणात झालं ते अंगणातच राहिलं.

श्रावणात एका सकाळी ती आईकडे घावणे खात असताना आईचा फोन वाजला. आईने तो कानाला लावला, ऐकलं आणि तिचा चेहरा असा उजळला की ऋजुताला वाटलं, कुणाला तरी मुलगा झाला.

"गो ऋजू, शमाचो फोन," आई म्हणाली. "तिचा झाड मेला."

पलीकडून शमा काहीतरी सांगत होती. आवाज रडवेला होता, रागावू नका एवढंच ऐकू आलं.

"रागावू कित्याक गो बाये," आई म्हणाली आणि पाट ओढून ऐसपैस बसली. "सावकाश सांग. पयला पान खंयच्या बाजून आकसला?"